घनतेचं उत्तर किती आकड्यांत लिहायचं, आणि एककं फक्त शेवटी लावली तर काय बिघडतं?

निळा_लिटमस

नमस्कार मंडळी. केमिस्ट्रीचा पहिलाच चॅप्टर चालू आहे, मोजमाप आणि एककं. सगळे म्हणतात हा काय चॅप्टर आहे, उरकून टाक आणि पुढे जा, पण माझं घोडं तिथेच अडलंय.

प्रॅक्टिकलला ॲल्युमिनियमचा तुकडा होता. काट्यावर २४.३७ ग्रॅम भरला. मग १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ५०.० मिलीपर्यंत पाणी घेतलं, तुकडा सोडला, पाणी ५९.० वर आलं. म्हणजे आकारमान ९.० मिली. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला तर २.७०७७७७७८ असं येतं. मी २.७०८ लिहिलं, पार्टनरने २.७१ लिहिलं, सरांनी दोघांचंही खोडून नुसतं २.७ केलं. पुस्तकातल्या तक्त्यात २.७० आहे. मग माझे आकडे पुस्तकाच्या जवळ असून ते कमी का करायचे? काट्याने तर चार आकडे दिलेत ना?

दुसरी शंका. याचं किलोग्रॅम प्रति घनमीटर करायला सांगितलं. ग्रॅमचे किलो करताना १००० ने भागायचं, सेंटीमीटरचे मीटर करताना १०० ने भागायचं, मग दोन्हीकडे भागाकारच असताना उत्तर २७०० असं मोठं कसं येतं? १००० ने गुण हे पाठ आहे, पण का ते कुणी सांगत नाही.

आणि तिसरी, प्रत्येक पायरीला एकक लिहायची सक्ती आहे आमच्याकडे. शेवटी लिहिलं तर काय बिघडतं?

ब्युरेटवाला

सरांचं बरोबर आहे, फक्त खोडताना दोन वाक्यं बोलले असते तर तुला इथे यावं लागलं नसतं.

काट्याने चार सार्थ अंक (म्हणजे मोजमापातले भरवशाचे आकडे) दिले, मान्य. सिलिंडरच्या रेघा एकेक मिलीच्या अंतरावर, मधला दहावा भाग आपण डोळ्यांनी अंदाजाने घेतो, म्हणून ५०.० आणि ५९.० असं लिहिलंस तेही बरोबर, दोन्हींत तीन तीन सार्थ अंक आहेत. पण घनतेच्या सूत्रात ना ५० जातात ना ५९, जाते त्यांची वजाबाकी, आणि ९.० मध्ये दोनच अंक उरले की! बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळं बघायची असतात, गुणाकार-भागाकारात सार्थ अंक, आणि भागाकारात ज्याचे अंक सगळ्यात कमी त्याच्याच मापाने उत्तर कापायचं. म्हणून २.७. काटा कितीही भारी असू दे, सिलिंडरने केलेला घोटाळा तो दुरुस्त करू शकत नाही.

आता नियम बाजूला ठेव आणि आकडे घालून बघ. पाण्याची पातळी वाचताना ०.२ मिली इकडचं तिकडे सहज होतं, पाणी काचेपाशी वर चढलेलं असतं, आपण खालची कड वाचायची असते आणि डोळा त्या उंचीला नसेल तर गेलंच. पहिलं रीडिंग एका बाजूला चुकलं आणि दुसरं दुसऱ्या बाजूला, तर फरकात ०.४ मिलीची चूक. म्हणजे तुकडा ८.६ मिलीचा असू शकतो किंवा ९.४ चा. २४.३७ भागिले ८.६ केलं तर २.८३ येतं, भागिले ९.४ केलं तर २.५९. आता सांग, जिथे पहिला दशांशच डळमळतोय तिथे तिसऱ्या दशांशातला ८ कशाच्या जिवावर लिहिलास? तो कॅल्क्युलेटरचा आहे, तुकड्याचा नाही.

पुस्तकातलं २.७० तुझ्या उत्तराच्या जवळ आलं हे छान आहे, पण पुस्तकवाल्यांनी ते तुझ्या सिलिंडरने मोजलेलं नाही. उत्तर बरोबर येणं वेगळं आणि आपण किती खात्रीने सांगू शकतो ते वेगळं.

एक आगाऊ सूचना, मधल्या पायऱ्यांत राउंड करू नकोस, कॅल्क्युलेटरवर सगळे आकडे चालू दे, कापाकापी शेवटी एकदाच.

घाईगर्दी

तिसऱ्या शंकेवर माझं स्पष्ट मत, परीक्षेत वेळ नसतो, सगळं आधी एसआयमध्ये (किलो, मीटर वगैरे आंतरराष्ट्रीय एककांत) करून घ्यायचं, नुसते आकडे गुणायचे-भागायचे आणि शेवटी एकक चिकटवायचं. मी कायम असंच केलंय, पायरीपायरीला ग्रॅम आणि मिली लिहीत बसणं म्हणजे शाई फुकट.

घनमूळ

घाईगर्दी, सगळं खरंच एसआयमध्ये असेल तर चालतं. पण केमिस्ट्रीत कोण सगळं एसआयमध्ये देतं? वस्तुमान ग्रॅममध्ये, आकारमान मिलीमध्ये, मोलॅरिटी मोल प्रति लिटर, दाब कधी ॲटमॉस्फिअर कधी किलोपास्कल. तुझी पद्धत चालण्यासाठी आधी रूपांतर बरोबर यावं लागतं, आणि बोंब तिथेच होते, मूळ पोस्टमधली दुसरी शंका तीच तर आहे.

@निळा_लिटमस, तुझी गडबड दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सेंटीमीटर आणि घन सेंटीमीटर यांना तू एकाच मापाने हाकतोयस. एक मीटर बाजूचा ठोकळा डोळ्यासमोर आण आणि त्याचे एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे पाड. तळाला १०० × १०० म्हणजे १०,००० तुकडे बसले, आणि असे थर किती? १००. एकूण १० लाख. तेव्हा १ घनमीटर = १० लाख घन सेमी, शंभर नाही. आता प्रत्येक तुकडा तुझ्या ॲल्युमिनियमचा, २.७ ग्रॅमचा. १० लाख गुणिले २.७ म्हणजे २७ लाख ग्रॅम, त्याचे किलो केले की २७००. झालं की उत्तर, सूत्र लागलंच नाही.

दुसरी गडबड, घन सेमी छेदात आहे. छेदातलं एकक मोठं केलं की संख्या वाढते, साहजिक आहे, मोठ्या ठोकळ्यात जास्त माल मावणार. कागदावर असं लिही:

२.७ ग्रॅम/घन सेमी × (१ किलो / १००० ग्रॅम) × (१०^६ घन सेमी / १ घनमीटर)

वर ग्रॅम, खाली ग्रॅम, काट. खाली घन सेमी, वर घन सेमी, काट. उरलं किलो/घनमीटर. कंसातला प्रत्येक अपूर्णांक म्हणजे १ च आहे, फक्त वर आणि खाली वेगळ्या वेशात, म्हणून त्याने गुणलं तरी मूळ राशी तीच राहते. भागायचं की गुणायचं हे लक्षात ठेवायची गरजच नाही, अपूर्णांक उलटा लिहिलास तर ग्रॅमचा वर्ग वगैरे काहीतरी भुतासारखं उभं राहतं आणि लगेच कळतं. हेच तुझ्या तिसऱ्या शंकेचं उत्तर. पायरीत एकक लिहिलेलं असेल तर ते चूक पकडून देतं, शेवटी चिकटवलेलं एकक काहीच पकडत नाही, ते बिचारं आपण सांगू ते ऐकतं.

हो आणि ती १००० आणि १०^६ व्याख्येने आलेली आहेत, मोजलेली नाहीत, त्यामुळे सार्थ अंक मोजताना त्यांना धरायचं नाही. पण २७०० असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल चारही अंक खरे आहेत, तेव्हा २.७ × १०^३ लिही.

निळा_लिटमस

घनमूळ, ते दहा लाख तुकड्यांचं वाचून पहिल्यांदाच डोक्यात शिरलं, धन्यवाद! ब्युरेटवाला दादा, तुमचंही पटलं, पण मग पुस्तकासारखं २.७० म्हणायचं असेल तर काय करायचं? आमच्याकडे तोच काटा आहे आणि तोच सिलिंडर.

मोलाची_मैत्रीण

ते दादा सांगतीलच, मला घाईगर्दीला एक गोष्ट सांगायची आहे.

२३ जुलै १९८३, एअर कॅनडाची फ्लाइट १४३, बोइंग ७६७, तेव्हा अगदी नवं विमान आणि नुकतंच मेट्रिकवर गेलेलं. इंधनाची गेज बंद होती म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायचे तर घनता पाहिजे, आणि कागदावर घनतेच्या जागी आकडा होता १.७७. तो होता पौंड प्रति लिटर. किलो प्रति लिटर सुमारे ०.८०३ पाहिजे होता. पण पुढे एकक नव्हतं, आणि १.७७ हा आकडा बघून कोणाला काही खटकलं नाही. ७,६८२ × १.७७ केलं, टाकीत साडेतेरा हजार किलो आहे असं निघालं, उरलेल्यासाठी ४,९१६ लिटर भरलं आणि निघाले. नीट हिशोब केला असता तर २०,००० लिटरच्या वर भरावं लागलं असतं.

४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे वाजायला लागले आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटांनी ते एवढं मोठं धूड ग्लायडरसारखं उतरवलं, गिमली नावाच्या जुन्या हवाईतळावर, ६९ च्या ६९ माणसं वाचली. पायलटांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण मूळ गणित आपल्या या धाग्यातल्याच चॅप्टरचं आहे बघ, आकारमान × घनता = वस्तुमान. १.७७ च्या पुढे पौंड/लिटर एवढं लिहिलेलं असतं तर पौंड आणि किलो कटतच नाहीत हे तिथल्या तिथे दिसलं असतं.

घाईगर्दी

बरं बाई, लिहितो उद्यापासून :) तरी विमान आणि वीस मार्कांचा पेपर यात फरक आहे.

जुना_पिपेट

सार्थ अंकांबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. ते नियम कामचलाऊ आहेत, शिकवताना मात्र वेदवाक्यासारखे शिकवले जातात. उदाहरण बघा, ९.९ मध्ये दोन सार्थ अंक आणि १०.१ मध्ये तीन. दोन्हींत ०.१ ची शंका धरली तर दोन्ही साधारण १ टक्क्यानेच डळमळीत आहेत, पण नियमाच्या लेखी एक दोन आकड्यांचा आणि एक तीन आकड्यांचा! म्हणून मी तर म्हणेन ब्युरेटवाल्यांनी तिसऱ्या परिच्छेदात जे केलं तेच खरं काम, टोकाच्या किमती घालून बघायच्या आणि २.७ ± ०.१ असं लिहून मोकळं व्हायचं. नियम घाईच्या वेळी वापरावेत.

आणि कुठल्या भांड्याने मोजलं हे बघायची सवय लावा. बीकरवरच्या रेघा फक्त अंदाजासाठी असतात, पाच टक्क्यांनी चुकणं तिथे माफ असतं. त्याउलट ए क्लासच्या (सगळ्यात अचूक दर्जाच्या) २५ मिली पिपेटला, म्हणजे ठरावीक माप देणाऱ्या काचेच्या नळीला, ०.०३ मिलीपर्यंतच चुकायची मुभा असते. बीकरने २५ मिली घेऊन २५.०० लिहिणारे मी खूप पाहिलेत. पिपेटवर २० अंश सेल्सिअस छापलेलं असतं, म्हणजे ते माप त्या तापमानाला खरं, तेही कोणी वाचत नाही.

ब्युरेटवाला

जुना_पिपेट यांच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण नवशिक्याला पहिल्याच दिवशी ± च्या जंजाळात ढकलू नये असं मला वाटतं, कामचलाऊ असले तरी नियम २.७०७७७७७८ लिहिण्यापासून वाचवतात तेवढं खूप आहे.

@निळा_लिटमस, तुझ्याच सामानात २.७० मिळतं. सिलिंडर सोडून दे, आकारमानसुद्धा काट्यानेच मोज. बीकरमध्ये पाणी घे, तुकडा पूर्ण बुडेल इतकं, बीकर काट्यावर ठेव आणि काटा शून्य कर. तुकड्याला बारीक दोरा बांध, दोरा वरून स्टँडला अडकव, आणि तुकडा पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूंना अजिबात टेकणार नाही असा लटकव. काट्यावर आता जो आकडा दिसेल ते तुकड्याचं वजन नाही, ते तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान. पाणी तुकड्याला जितकं वर ढकलतं तितकाच तुकडा पाण्याला खाली दाबतो, आणि काट्याला ते दाबणं कळतं. तळाला टेकला की मात्र तुकड्याचाच भार काट्यावर यायला लागतो, आकडा भसकन वाढतो, तेव्हा दोरा जपून.

पुस्तकातलं २.७० खरं असेल तर तुला ९.०० ग्रॅमच्या आसपास दिसायला पाहिजे. पाणी २५ अंश सेल्सिअसला असेल तर त्याची घनता ०.९९७ ग्रॅम/मिली, म्हणून आकारमान ९.०० ग्रॅम ÷ ०.९९७ ग्रॅम/मिली = ९.०३ मिली. (बघ एककं कशी कटली, वर मिली आपोआप आलं.) २४.३७ ÷ ९.०३ = २.७०, आता तिन्ही अंक आपल्या हक्काचे, कारण ०.०१ ग्रॅमची शंका ९ ग्रॅमवर फक्त ०.१ टक्का होते. मघाशी ०.४ मिली होती, चार टक्क्यांच्या वर.

पाण्याची घनता १ धरू नकोस हां, ०.३ टक्के तिथेच जातात.

गॅसवर_ठेवलंय

धागा हायजॅक करतो, सॉरी. आदर्श वायूच्या समीकरणात आर (वायू स्थिरांक) कधी ०.०८२१ घेतात कधी ८.३१४. कुठे कोणता हे ओळखायची ट्रिक आहे का? आणि एका ठिकाणी एसटीपीला (ठरवून दिलेल्या प्रमाण तापमान आणि दाबाला) एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर दिलंय, दुसरीकडे २२.७. एक तरी छापायची चूक असणार.

मोलाची_मैत्रीण

दोन्ही बरोबर आहेत. जुन्या एसटीपीत दाब १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल होता, त्यावरून २२.४१ लिटर. १९८२ मध्ये आययूपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) तो दाब १ बार म्हणजे १०० किलोपास्कल केला, तापमान शून्य अंश सेल्सिअस तेच ठेवलं, दाब किंचित कमी झाला म्हणून वायू किंचित फुगला, २२.७१ लिटर. बरीच पुस्तकं अजून जुनंच छापतात. गणितात दाब किती दिलाय तो बघायचा, एसटीपी या तीन अक्षरांवर विसंबायचं नाही.

आरचं म्हणशील तर ट्रिक नको, एकक वाच. ०.०८२१ च्या पुढे लिटर-ॲटमॉस्फिअर प्रति मोल प्रति केल्विन आहे, ८.३१४ च्या पुढे ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. राशी एकच. दाब किलोपास्कलमध्ये असेल तर ८.३१४ घेऊन आकारमान सरळ लिटरमध्ये येतं, कारण किलोपास्कल × लिटर म्हणजे ज्यूलच. करून बघ, १ मोल, २७३.१५ केल्विन, १०१.३२५ किलोपास्कल, ८.३१४ × २७३.१५ ÷ १०१.३२५ = २२.४१ लिटर. आता त्याच दाबाला ०.०८२१ लाव, ०.२२ येईल, आणि पुढे एकक राहील लिटर-ॲटमॉस्फिअर प्रति किलोपास्कल, ते बघूनच कळेल की काहीतरी शिजायचं राहिलंय. तापमान केल्विनमध्येच हवं हे वेगळं सांगत नाही, २० अंशांचं ४० अंश केलं म्हणजे तापमान दुप्पट नाही होत, २९३ चं ३१३ होतं.

निळा_लिटमस

एक बारीक शंका राहिली, मिली आणि घन सेमी अगदी सेम टू सेम ना? मी बिनधास्त एकाच्या जागी दुसरं लिहितोय.

जुना_पिपेट

आता अगदी सेम, व्याख्येनेच. पण १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटर म्हणजे १ किलो शुद्ध पाण्याचं आकारमान होतं, पाणी सगळ्यात दाट असतं त्या तापमानाला, आणि ते भरायचं १.००००२८ घन डेसिमीटर. दहा लाखांत २८ भाग फरक. तुझ्या सिलिंडरला तो सात जन्मांत दिसणार नाही, तरी १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द करून लिटर म्हणजे बरोब्बर एक घन डेसिमीटर असं ठरवलं. किलोग्रॅमचीही अशीच सुटका झाली, प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा जाऊन २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावर (निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर) बांधला, आणि त्याच दिवशी मोल म्हणजे बरोब्बर ६.०२२१४०७६ × १०^२३ कण झाले, आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टांगलेला होता. असो, मला हे सुरू केलं की थांबता येत नाही.

निळा_लिटमस

आज दोऱ्याने लटकवून केलं! तळाला टेकला नव्हता, दोनदा बघितलं. काट्यावर ९.०७ ग्रॅम आलं. पाणी २५ अंशच होतं. ९.०७ ग्रॅम ÷ ०.९९७ ग्रॅम/मिली = ९.१० मिली, आणि घनता २.६८ ग्रॅम/मिली. २.७० का नाही आली?

ब्युरेटवाला

आधी तुकडा बाहेरून नीट बघ, बुडवल्यावर त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात, ते पण पाणी सारतात आणि आकारमान फुगवतात. तुझा ०.०७ ग्रॅमचा फरक म्हणजे दोन मिलिमीटरचे सोळा-सतरा बुडबुडे, खरखरीत तुकडा असेल तर अशक्य नाही. ब्रशने झटक, पाण्यात साबणाचा एक थेंब टाक आणि परत कर. दोरा जितका बारीक तितका बरा, तोही थोडं पाणी सारतो.

बुडबुडे नसतानाही २.६८ च येत राहिलं तर सरांना विचार तुकडा कशाचा आहे. प्रॅक्टिकलचे तुकडे शुद्ध ॲल्युमिनियमचे असतीलच असं नाही, मॅग्नेशियम मिसळलेला ५०५२ नावाचा मिश्रधातू सर्रास मिळतो आणि त्याची घनता २.६८ च आहे.